चारकोपचा फालसा

(इयत्ता ७ वी)

करवंदे, जांभळे, अळू, तोरणे ही फळे आपल्या वर्गात कुणाला सांगावी लागत नाहीत. पण "फालसा" म्हटले की निम्मी मुले विचारतात, "म्हणजे काय गं?" गुरुजींनी भित्तिपत्रकासाठी "मला ठाऊक असलेले एक झाड" हा विषय दिला, तेव्हा आंबा, वड आणि चिकू लगेच वाटले गेले. फालसा कुणी मागितला नाही, म्हणून तो मला मिळाला. मला तोच हवा होता.

माझे आजोळ मुंबईला चारकोप येथे आहे. कांदिवली स्टेशनवर पश्चिमेला उतरले की रिक्षा नाहीतर बस मिळते. आम्ही पालघरहून जातो, तेव्हा डहाणूची लोकल पकडून बोरिवलीला उतरतो. चारकोपच्या पश्चिमेला खाडी आणि खारफुटीचे रान आहे. तिथला वारा खारट लागतो. पूर्वी तिथे चारकोप हे लहानसे गावच होते, ते गाव अजूनही आहे. त्याच्या बाजूच्या मोकळ्या जमिनीवर १९८५ नंतर जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने वसाहत वसवली. सरकारने तयार घरे न देता लहान लहान भूखंड, रस्ते, पाणी आणि गटारे दिली, आणि घर ज्याचे त्याने बांधावे अशी ती योजना होती. मधे एक चौक आणि चौकाभोवती घरे अशी तिथली रचना आहे. आजोबांच्या चौकात ३५ घरे आहेत. पुष्कळ घरांवर आता मजले चढले आहेत, चौक मात्र तेवढाच राहिला आहे. त्याच चौकाच्या कोपऱ्यात आजोबांचा फालसा आहे.

आता फालसा कसा असतो ते सांगते. तो खरे म्हणजे झाड नव्हे, मोठे झुडूप आहे. त्याला एक बुंधा नसतो, जमिनीतूनच आठ-दहा सोटे निघतात. नुसता वाढू दिला तर दोन पुरुष उंच जातो. पान रुंद, गोलसर, कडेला दाते असलेले आणि हाताला खरखरीत लागते. कोवळ्या फांदीवर बारीक लव असते. पानांच्या बेचक्यात पिवळ्या लहान फुलांचे झुपके येतात, आणि फूल गळल्यावर साधारण दीड महिन्याने फळ पिकते. फळ वाटाण्याहून थोडे मोठे, आधी हिरवे, मग तांबडे, मग काळसर जांभळे. आत एक नाहीतर दोन बिया. चव आंबटगोड, पण करवंदासारखा चीक नाही. एप्रिल-मे महिन्यांत मुंबईत टोपलीवाले फालसे विकतात. वर मीठ-मसाला भुरभुरतात आणि कागदाच्या पुडीत देतात. पुडी लहान आणि किंमत मोठी, असे आजी दरवर्षी म्हणते.

आपल्या जंगलात धामण आहे ना, ती फालशाची बहीण. धामणीचे लाकूड वाकते पण मोडत नाही, म्हणून धनुष्य, कावड, कुऱ्हाडीचा दांडा यांसाठी ते वापरतात. आमच्या वर्गातल्या दोघांच्या घरी धामणीच्या काठ्या आहेत. आणखी एक गंमत म्हणजे भेंडी, जास्वंद आणि कापूसही फालशाच्याच कुळातले. फालशाची साल पाण्यात भिजवली तर ती भेंडीसारखी बुळबुळीत होते. आजोबा सातारकडचे. त्यांच्या गावच्या गुऱ्हाळात उसाच्या रसात भेंडीचे चिकट पाणी घालायचे, म्हणजे मळी वर येते आणि गूळ स्वच्छ होतो. उत्तर हिंदुस्थानात हेच काम फालशाच्या सालीकडून करून घेतात.

फालशाचे संस्कृत नाव परूषक. गुरुजींनी सांगितले की चरकसंहितेत थकवा घालवणाऱ्या दहा वस्तू दिल्या आहेत, त्यांत द्राक्षे, खजूर, डाळिंब, ऊस यांच्याबरोबर परूषक आहे. बौद्ध भिक्षूंना दुपारनंतर जेवता येत नसे, पण काही फळांची पेये चालत असत. त्यांच्या नियमांच्या ग्रंथात अशी आठ पेये सांगितली आहेत. त्यांत आंबा आणि जांभूळ आहे तसे फालशाचेही आहे. आम्ही सहलीला बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांना गेलो होतो, तेव्हा तिथे खडकात खोदलेली पाण्याची टाकी पाहिली होती. तो नियम ऐकल्यापासून मला ती टाकीच आठवतात. चारकोपहून कान्हेरी फार लांब नाही.

आता मुख्य गोष्ट छाटणीची. छाटणीवाचून फालसा म्हणजे नुसता पाला.

याचे कारण असे की फालशाच्या जुन्या फांदीला फळ धरत नाही. यंदा जी नवी फूट येईल, तिच्यावरच यंदाचे फूल येते. म्हणून थंडीत झुडूप झोपेत असते तेव्हा ते कापायचे, म्हणजे उन्हाच्या सुरुवातीला सगळीकडून नवे कोंब येतात. कापले नाही तर कोंब फक्त शेंड्याला येतात आणि फळे इतकी उंच लागतात की ती पाखरांचीच होतात. नाशिककडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा करतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळाची. बोरीची छाटणी उन्हाळ्यात होते. आपल्याकडे राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडतात, पण ती वेगळी गोष्ट. तिथे आपल्याला फांदी हवी असते, इथे फांदी गेल्यावर जे येईल ते हवे असते. विलायतेत एल्डर नावाचे असेच झुडूप आहे. त्याचीही थंडीत छाटणी करतात, तीन वर्षांचे जुने सोटे जमिनीलगत कापतात आणि बारीक काळ्या फळांचे सरबत करतात. मात्र ती फळे शिजवल्याशिवाय खाता येत नाहीत, पोट बिघडते. आपला फालसा झाडावरून थेट तोंडात टाकता येतो.

आजोबा हे सगळे पुस्तकातून शिकले नाहीत. ते आधी गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. त्यात त्यांचे काम गेले ते गेलेच. मग त्यांनी बंगल्यांच्या बागांत माळीकाम धरले. आई म्हणते, गिरणीत धागा तुटला की जोडायचे, तीच बोटे मग कलमे बांधायला लागली. चारकोपचे घर १९८९ साली बांधले आणि फालशाचे रोप १९९४ साली लावले. वसईच्या एका ओळखीच्या माळ्याने ते दिले होते. चौकातली जमीन भरावाची, त्यात अर्धे दगड. आजोबांनी गुडघाभर खड्डा खणून त्यात गाळ आणि शेणखत भरले. फालसा गरीब झाड आहे, वाईट जमिनीतही तग धरतो, पण लहानपणी त्याला थोडे खाऊ घालावे लागते.

आजीकडे कालनिर्णयची जुनी पाने एका पिशवीत आहेत. ती टाकत नाही. त्यांवर दुधाचा हिशेब, गॅस कधी आला, कुणाचे बारसे, आणि मधूनमधून आजोबांच्या अक्षरात फालसा. मी सुट्टीत बसून ती पाने लावली. २००३ च्या जानेवारीत १८ तारखेला "छाटणी" लिहिले आहे आणि २४ एप्रिलला "पहिली ओंजळ". २०११ च्या पानावर "छाटणी नाही" एवढेच आहे. त्या वर्षी आजोबांचे मोठे भाऊ आजारी होते आणि आजोबा दोन महिने गावी होते. मेमध्ये लिहिले आहे, "बुलबुलांची चैन." २०१६ मध्ये आजोबांच्या डोळ्याचे ऑपरेशन होते, म्हणून कुणीतरी मजुरीच्या माणसाकडून मार्चमध्ये झुडूप कापून घेतले. फुले आलेलीच होती, ती सगळी फांद्यांबरोबर गेली. त्या वर्षीचे एप्रिल-मेचे पान कोरे आहे.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२४ साली, दिवाळी झाली आणि आठ दिवसांत आजोबांना अर्धांगवायू झाला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणेही गेले. त्यांना आपण बोललेले सगळे कळते, पण तोंडातून "हां" आणि "नाय" एवढेच शब्द निघतात. आई पंधरा दिवस तिकडे होती. मी आणि बाबा इकडे. फोनवर आजोबांना दिले की मी बोलायची आणि पलीकडून नुसते "हां, हां" यायचे. त्यांना पुष्कळ काही सांगायचे असे, हे त्या "हां"वरूनच समजे.

त्याच वेळी चौकात दुसरी गोष्ट चालू होती. चौकात आता माणसांपेक्षा दुचाकी जास्त झाल्या आहेत. सोसायटीच्या सभेत काहीजण म्हणाले की फालसा काढून टाकावा, तिथे चार गाड्या उभ्या राहतील. फळे गळतात, माश्या येतात, गाडीच्या सीटवर डाग पडतात, असेही म्हणाले. ते काही वाईट लोक नाहीत. त्यांतल्याच एका काकांनी आजोबांना रात्री दोन वाजता आपल्या रिक्षातून दवाखान्यात नेले होते. पण आजोबा बोलते असते तर त्यांनी सभेत चार शब्द सांगितले असते. मामाने सांगितले. शेवटी असे ठरले की झुडूप वाटेत येणार नाही इतके कापून दाखवा, उन्हाळ्यापर्यंत पाहू. त्याने अडचण केली तर पावसाआधी मुळापासून काढू.

आता पेच असा होता. थोडे कापले तर ते वाटेत येणार आणि काढावे लागणार. फार कापले तर मरण्याची भीती. ते तीस वर्षांचे जुने झुडूप आहे आणि सगळे सोटे पक्के झालेले. ज्याला हे ठाऊक ते बोलू शकत नव्हते.

संक्रांतीच्या आधीचा रविवार, १२ जानेवारी. आम्ही शनिवारीच चारकोपला गेलो होतो. सकाळी मामाने आजोबांना खुर्चीवर बसवून चौकात आणले. अंगावर शाल, डोक्याला माकडटोपी. डाव्या हातात काठी. मामाने सिकेटर, लहान करवत आणि कोयता बाहेर काढला. आजोबांनी कोयत्याकडे काठी केली आणि म्हणाले, "नाय." मामाने कोयता ठेवून दिला. कोयत्याच्या घावाने साल फाटते, हे मला नंतर आजीने सांगितले.

मग मी युक्ती केली. मी एकेका सोट्याला हात लावायची आणि विचारायची, "आजोबा, हा?" ठेवायचा असेल तर ते म्हणत "नाय", कापायचा असेल तर "हां". मी ठेवायच्या सोट्याला आईच्या जुन्या साडीची चिंधी बांधत गेले. एकूण चौदा सोटे होते. पहिले दोन सुकलेले होते, ते कापायचेच. एक दुसऱ्याला घासत होता, तोही "हां". वाटेच्या बाजूला झुकलेले तीन होते. त्यांतला एक सर्वांत जाड आणि जुना. मी हात लावला. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मामा म्हणाला, "राहू दे का, बाबा?" आजोबांनी डोळे मिटले आणि "हां" म्हणाले. आता हे "हां" ठेवण्याचे की कापण्याचे? आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो. तेव्हा त्यांनी काठी उचलून त्या सोट्यावर दोनदा टेकवली आणि खाली जमिनीपर्यंत ओढत आणली. म्हणजे मुळापासून. मामाने करवत लावली. अर्धा तास लागला. मामाला करवत धरता येते पण धीर धरता येत नाही, असे मामी म्हणते, पण त्या दिवशी त्याने धीर धरला.

आठ सोटे राहिले. ते किती उंचीवर कापायचे हे विचारायला मी कंबरेला हात लावला, आजोबा "नाय". छातीला लावला, "नाय". कंबर आणि छाती यांच्या मधे लावला, तेव्हा "हां". ती माझी कंबर-छाती, मोठ्या माणसाची नव्हे. नंतर टेपने मोजले तर तीन फूट भरले. प्रत्येक काप डोळ्याच्या वर बोटभर, तिरका, म्हणजे पाणी कापावर थांबत नाही. डोळा म्हणजे जिथून कोंब येणार तो फुगीर ठिपका. तो बाहेरच्या बाजूला असावा, आतल्या नव्हे. आत गर्दी झाली की वारा खेळत नाही. चौकातली लहान मुले बघायला जमली होती. त्यांना आम्ही कापलेल्या काटक्या दिल्या, तेव्हा ती आनंदाने तलवारी खेळू लागली.

कापांना लावायला मोरचूद आणि चुन्याचा लेप केला. तो लोखंडाच्या भांड्यात करायचा नाही, प्लास्टिकच्या डब्यात करायचा. आजोबांचा त्यासाठी ठेवलेला श्रीखंडाचा डबा आहे, निळा पडलेला. लेप लावायचे काम आजोबांनी माझ्या हातातून घेतले. डाव्या हाताने. ब्रश दोनदा पडला. मी उचलून दिला. जितके काप त्यांना खुर्चीवरून पोचले तितके त्यांनी केले, राहिलेले मी केले. मग मुळाशी आळे करून शेणखत घातले आणि दोन बादल्या पाणी दिले. दुपारी पाहिले तर कोपऱ्यात नुसते आठ खुंट उभे आणि प्रत्येकाच्या डोक्याला निळा टिळा. येणारेजाणारे म्हणाले, "संपलं हे."

आम्ही सोमवारी परत आलो. नंतरचे दिवस वाईट गेले. कालनिर्णयच्या पानांप्रमाणे तीन आठवड्यांत फूट यायला हवी. मी दर रविवारी फोन करून विचारायची. २६ तारखेला नाही. २ फेब्रुवारीला नाही. मामाने एका खुंटावर नखाने साल ओरबाडली तर आत हिरवे दिसले, म्हणजे जिवंत आहे, पण बाहेर काही येईना. चौकातल्या कुणीतरी गाडी आणून खुंटाला टेकवून उभीसुद्धा केली. आजोबा खिडकीतून ते बघत. आजी म्हणाली की त्यांनी त्या दिवशी चहा घेतला नाही.

९ फेब्रुवारीच्या रविवारी फोन मी करायच्या आधी तिकडून आला. आजीच बोलत होती, पण मागून आजोबांचे "हां! हां! हां!" इतके मोठ्याने येत होते की आजीचे ऐकू येईना. सातव्या खुंटाला मुगाएवढे तीन कोंब आले होते. पुढच्या आठवड्यात सगळ्यांना आले. जो सर्वांत जुना सोटा मुळापासून कापला होता, त्याच्या बाजूने जमिनीतून दोन नवे धुमारे निघाले. मार्चच्या मध्यावर फुले आली आणि फांद्या सरळ वर गेल्या, वाटेत एकही आली नाही. मामाने गाडीवाल्याला नीट सांगितले आणि त्याने गाडी हलवली.

मी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सुट्टीला गेले तेव्हा तोडणी सुरू झाली होती. फालशाची तोडणी म्हणजे रोजची कटकट. एका झुपक्यातले एक फळ काळे असते, दुसरे तांबडे, तिसरे हिरवे. सगळे एकदम पिकत नाही, म्हणून एक दिवसाआड सकाळी उन्हाआधी जायचे आणि काळे तेवढेच बोटाच्या टोकाने काढायचे. काढलेले फळ दोन दिवस टिकते, पुढे सुरकुतते नाहीतर आंबते. म्हणूनच ते दुकानात फारसे दिसत नाही आणि मिळाले तर महाग असते. पाखरांसाठी काही लोक मासळीचे जुने जाळे टाकतात. आजी ते टाकू देत नाही, बुलबुलाचा पाय अडकतो. ती जुनी पातळ साडी पांघरते. वरच्या फांद्या मोकळ्या ठेवते, त्या बुलबुलांच्या आणि तांबटाच्या. खारी मात्र साडीखालूनही जातात. खारीपुढे कुणाचे चालत नाही.

यंदा पावसाने फसवले. मेमध्येच सरी येऊ लागल्या आणि २६ मेला मोसमी पाऊस मुंबईत पोचल्याचे जाहीर झाले. पिकलेली फळे फुटली, काहींना बुरशी आली, शेवटच्या दोन तोडण्या गेल्या. तरी आजीच्या तराजूवर एकूण पावणेपाच किलो भरले.

सरबत असे करायचे. फालसे दोन पाण्यांत धुवायचे. पातेल्यात घेऊन त्यांवर साखर आणि चिमूटभर मीठ घालून अर्धा तास ठेवायचे, म्हणजे ते नरम पडतात. मग हातानेच कुस्करायचे. मिक्सरमध्ये घालू नये, बी फुटते आणि सरबत कडवट होते. कुस्करलेले फडक्यातून पिळून घ्यायचे. चोथ्यावर थोडे पाणी घालून पुन्हा एकदा पिळायचे, कारण अर्धा रंग त्यातच असतो. रस जांभळा-लाल निघतो. त्यात थंड पाणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि काळे मीठ. टिकवायचे असेल तर रसाच्या दीडपट साखर घालून एक कढ द्यावा, लिंबू पिळावे, गार झाल्यावर बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवावे. नुसता रस बाहेर ठेवला तर दुसऱ्या दिवशी फसफसतो. उरलेल्या चोथ्यातल्या बिया मी धुऊन वर्तमानपत्रावर सावलीत वाळवल्या.

आम्ही तीन वेळच्या तोडणीचा रस साठवला. सव्वा किलो फालशांचा. एका रविवारी संध्याकाळी मामी आणि मी ट्रे घेऊन चौकातल्या घरोघरी गेलो. प्रत्येकाला अर्धा पेला. काही घरांत दोनदा मागितले, ते देता आले नाही. एका आजींनी सांगितले की त्यांच्या माहेरी कानपूरला फालशाचे मळे होते आणि त्या इथे आल्यापासून फालसा तोंडाला लागला नव्हता. तीस वर्षे त्या त्याच चौकात राहतात. "मला वाटलं हे शोभेचं झाड आहे," असे म्हणाल्या. रिक्षावाल्या काकांनी पेला रिकामा करून विचारले, "याचं रोप मिळेल का?"

सभा दोन वेळा पुढे ढकलली गेली. जूनच्या सुरुवातीला झाली. झुडूप राहावे की जावे यावर कुणी हात वर केलेच नाहीत. नुसते पार्किंगच्या रेघा मारायचे ठरले आणि रेघा मारणाऱ्या माणसाने पिवळी रेघ फालशाला वळसा घालून मारली. त्या वळशात एका गाडीची जागा गेली. ती कुणाची जावी यावर मात्र पुष्कळ बोलणे झाले. शेवटी मामाने आपली जागा सोडली. तो आता मोटारसायकल बाहेर रस्त्याला लावतो आणि रात्री दोनदा उठून खिडकीतून बघतो. मामीला हे पटलेले नाही. मला दोघांचेही पटते.

आजोबा आता काठी घेऊन चौकापर्यंत चालत येतात. उजव्या हाताची मूठ अजून वळत नाही. त्यांचे दोन शब्द आता पाच झाले आहेत. तिसरा शब्द आजीचे नाव आहे, चौथा "पाणी" आणि पाचवा शिवी आहे, ती इथे लिहिता येत नाही. खारीला बघून ते ती देतात.

वाळवलेल्या बियांतल्या तेवीस बिया मी शाळा सुरू होण्याआधी दुधाच्या पिशव्यांत पेरल्या. फालशाचे बी ताजे असावे लागते. अठराव्या दिवशी पहिले रोप वर आले, एकूण नऊ आली. दोन गोगलगायींनी खाल्ली. तीन रिक्षावाल्या काकांसाठी आणि चौकासाठी ठेवली आहेत. चार शाळेत लावायची आहेत. गुरुजींनी हात धुण्याच्या जागेमागचा बांध दाखवला आहे, कारण पोषण आहाराची ताटे धुतलेले पाणी तिकडेच जाते. अडचण बकऱ्यांची आहे. ज्यांच्या घरी जुने बांबू किंवा काट्यांचे कूड पडून असेल त्यांनी या शनिवारी घेऊन यावे. भेटीला आलेल्या पालकांपैकी कुणाकडे कुजलेले शेणखत असेल तर दोन पाट्या पुरतील.

या रोपांची पहिली छाटणी २०२७ च्या जानेवारीत येईल. तेव्हा मी या शाळेत नसेन, आपली शाळा सातवीपर्यंतच आहे. म्हणून चौथी-पाचवीतल्या कुणाला शिकायचे असेल तर मधल्या सुट्टीत मला भेटावे. सिकेटर आजोबांनी दिली आहे. ती कार्यालयातल्या कपाटात, खडूच्या खोक्याच्या मागे आहे. वापरून झाल्यावर पुसून, तेलाचा हात लावून ठेवायची.